एरंडेलाची वाटी

गेल्या भाऊबीजेला ओवाळून घ्यायला म्हणून मावसबहिणीकडे दौंडला गेलो, तो निरांजन राहिले बाजूला आणि बाईसाहेब पोट धरून आडव्या! तिचे माहेर शिरूर; जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. तिकडून मावशी फराळाचे डबे घेऊन आलेली. साहजिकच सगळा दोष करंज्यांवर गेला. ओवा झाला, हिंग झाला. उलट्या थांबेनात, पोट फुगत चाललेले. सासूबाई एरंडेलाची वाटी घेऊन उभ्या.

तेवढ्यात शेजारच्या निवृत्त नर्सबाई आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "वारा सरतो का? पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले आहे का?" पहिल्याचे उत्तर नाही, दुसऱ्याचे होय. चार वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढले होते. बाईंनी वाटी काढून घेतली आणि आम्हाला थेट इस्पितळात धाडले. आतडी चिकटून वाट अडली होती. तोंडाने सर्व बंद, शिरेतून सलाईन, नाकातून नळी. दोन दिवसांनी वाट मोकळी झाली. पुन्हा पोट उघडावे लागले नाही. अडलेल्या आतड्याला जुलाब दिला तर ते फुटण्याचीही भीती असते, हे तेव्हा कळले.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, "अरे, ऑपरेशन झाल्याबरोबर हळदीचा काढा दिला असता, तर चिकटलंच नसतं!"

वाचकहो, मावशीशी वाद घालण्याआधी चिकटते कसे ते पाहू. ऑपरेशनात पोटातले नाजूक अस्तर दुखावते आणि काही तासांतच तिथे चिकट धाग्यांचे जाळे धरते. बहुधा शरीरच ते थोड्या दिवसांत विरघळवते आणि आठवडाभरात नवे अस्तर येते. जाळे विरघळले नाही, तर त्याचे कायमचे पट्टे बनतात. हा त्रास काही दुर्मिळ नाही. 1999 साली स्कॉटलंडमधली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. पोटाची ऑपरेशने झालेल्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा माणसे दहा वर्षांत चिकटण्याशी संबंधित, किंवा तसा संबंध असू शकेल अशा, कारणाने पुन्हा इस्पितळात आली होती.

आता हळद. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकेत 1995 साली पेटंट दिले गेले. डॉ. माशेलकरांच्या कारकिर्दीत आपल्या सीएसआयआरने हरकत घेतली आणि 1997 साली ते रद्द झाले. पण त्या लढाईने सिद्ध झाले ते एवढेच, की ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. पोटातली आतडी सुटतात असे नव्हे! हळदीतल्या कुरकुमीनने उंदरांच्या पोटात चिकटणे कमी झाल्याचे प्रयोग आहेत. माणसाची गोष्ट निराळी. काढ्यातले कुरकुमीन रक्तात फारच थोडे उतरते, आणि ऑपरेशननंतर कोणी काढा द्यावा असे त्यातून ठरत नाही.

तरी मावशी अगदीच चुकली नाही. वनस्पतींच्या सेल्युलोजवर प्रक्रिया करून केलेला पदार्थ आणि हायलुरॉनिक आम्ल यांचा पातळ पापुद्रा सर्जन पोट शिवण्यापूर्वी आत पसरतात. अमेरिकेत त्याला 1996 साली परवानगी मिळाली. आठवडाभर तो आतडी अलग ठेवतो, मग विरघळतो. मक्याच्या स्टार्चपासून केलेला द्रवही असतो. खात्री मात्र कशाचीच नाही, आणि प्रत्येक ऑपरेशनात ते वापरतातच असेही नाही.

हे सारे सांगितले, तेव्हा मावशीने विजयी मुद्रेने लाडू पुढे केला. "म्हणजे शेवटी झाडपालाच ना?"

सासूबाईंची एरंडेलाची बाटली आहे तिथेच आहे. बहिणीने मात्र ऑपरेशनचा कागद स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला टाचून ठेवला आहे.