मशेरी सोडायला बोलणी नकोत, सोबत हवी

गरोदरपणात तंबाखू वाईट, हा इशारा ऐकताना आपल्या डोळ्यांपुढे सिगारेट येते आणि आपल्या बायका कुठे सिगारेट ओढतात, असे म्हणून आपण निश्चिंत होतो. ही निश्चिंती खोटी आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातल्या दोन टक्के स्त्रिया धूम्रपान करतात, पण धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या १२.८ टक्के आहेत. महाराष्ट्रात तिचे घरोघरचे रूप म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी दातांना लावायची. दात घासण्याच्या नावाखाली चालते म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. पण तिच्यातले निकोटीन तोंडातून रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १७ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू, मुख्यतः मशेरी, वापरत होत्या. त्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस पूर्ण होण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते.

हे कळल्यावर ‘बाळासाठी एवढेही सोडवत नाही का?’ असे तिला सुनावणे सोपे असते. पण सवय सुटणे हा केवळ मनाच्या निग्रहाचा प्रश्न असता, तर मदत वाढवल्याने फरक पडला नसता. ग्लासगोत ६१२ धूम्रपान करणाऱ्या गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. नेहमीचे समुपदेशन दोन्ही गटांना खुले होते. एका गटाला सिगारेट सोडल्यास खरेदीची कुपनेही मिळणार होती. गरोदरपणाच्या अखेरीस कुपने नसलेल्या गटात ८.६ टक्के, तर कुपनांच्या गटात २२.५ टक्के स्त्रियांनी सिगारेट सोडलेली होती. आईची माया दोन्हीकडे सारखीच होती. कमी-जास्त होता तो आधार. आपल्याकडे कुपनेच वाटा, असा याचा अर्थ नाही. मात्र बोलणी खाल्लेली बाई पुढच्या वेळी मशेरी लपवते आणि लपवलेल्या सवयीवर कुणालाच इलाज करता येत नाही.

म्हणून सुरुवात विचारण्यापासून व्हावी. प्रत्येक गरोदर स्त्रीला पहिल्याच भेटीत आणि नंतरच्या प्रत्येक तपासणीत तंबाखूबद्दल विचारावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ पासून शिफारस आहे. ‘व्यसन आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येईल. ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असेच विचारायला हवे. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप रास्त आहे. त्यांच्यावर आणखी एक नोंदवही लादण्याऐवजी या कामाचा वेगळा मोबदला आणि प्रशिक्षण द्यावे. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय मदतवाहिनीशी आरोग्य केंद्रातूनच फोन जोडून द्यावा. गरोदरपणात तंबाखू सोडवणारी औषधे सरसकट देता येत नाहीत, त्यामुळे हा संवादच मुख्य उपचार ठरतो. तो घरापर्यंतही जायला हवा, कारण सासू मशेरी भाजत असेल आणि नवरा शेजारी विडी ओढत असेल, तर सुनेने एकटीने सोडावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. रक्तदाब आणि वजन प्रत्येक तपासणीत नोंदले जाते. मशेरीचा प्रश्न आणि त्यापुढची मदत हाही त्याच तपासणीचा भाग व्हायला हवा.