वेसाव्याच्या तरुणांनी आपलं पत्र काढावं

आमच्या वेसाव्याबद्दल, म्हणजे वर्सोव्याबद्दल, मोठ्या वर्तमानपत्रांत काय छापून येतं, हे आमच्या कोळीवाड्यातलं शाळकरी पोरही सांगेल. नटनट्यांची घरं, मेट्रो, वाहतूककोंडी, किनाऱ्याची सफाई आणि सी-फूड फेस्टिव्हल. खाडीत गाळ साचला की होड्या बाहेर काढायला भरतीची वाट पाहावी लागते, ही बातमी मोर्चा निघाला तरच येते. माझ्या आईने आयुष्यभर मासळी विकली. मी कॉलेजात मराठी शिकवते. माझं म्हणणं एकच आहे. इथल्या तरुणांनी स्वतःचं छोटं वर्तमानपत्र काढावं. आपण मोठ्यांनी ते निघू द्यावं आणि त्यात आपल्याला न रुचणारं छापून आलं तर तेही सोसावं.

ही परंपरा आपलीच आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेलं 'दीनबंधू' नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत चालवलं. गिरणी कामगारांच्या हालांना त्यांनी त्यात जागा दिली, त्याच कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केलं, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात छापली नव्हती. त्या काळी कोणाच्या तोंडाला कुलूप होतं आणि ते कोणी घातलं होतं, हे एवढ्या एका नकारावरून कळतं.

पुढे साठच्या दशकात मुंबईतल्या तरुणांनी लघुनियतकालिकं काढली. अशोक शहाणे यांचं 'असो', राजा ढाले यांचं 'येरू'. तिकडे औरंगाबादेत भालचंद्र नेमाडे यांचं 'वाचा'. या अंकांचं आयुष्य थोडं होतं, पैसे खिशातून जायचे, कागद मिळेल तो वापरायचे. पण प्रतिष्ठित मासिकांच्या दारात ताटकळत उभं राहायचं त्यांनी नाकारलं. तिथे लिहिता-वाचताना या मुलांना एकमेकांचा शोध लागला. त्या पिढीतून मराठी कविता बदलली आणि १९७२ मध्ये दलित पँथरही उभी राहिली. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना' साप्ताहिकात ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. साने गुरुजींनी सुरू केलेल्या साप्ताहिकाने तरुणांच्या संतापाला पानं दिली. मोठ्यांनी सोसायचं म्हणजे काय, त्याचा हा नमुना आहे.

"आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, कागद कशाला?" असं माझे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तुमचं रील कोणाला दाखवायचं आणि कोणापासून लपवायचं, हे परक्या कंपनीचं यंत्र ठरवतं. ते कोचीत पाहिलं जाईल आणि शेजारच्या गल्लीत पोचणारही नाही. छोट्या पत्राचं उलट असतं. ते गल्लीतच वाटलं जातं, त्यावर संपादकाचं नाव असतं आणि चुकीचं छापलं तर दुसऱ्या दिवशी बंदरावर कोणीतरी गाठून जाब विचारतं. त्या जाबाच्या धाकानेच मुलं आकडा दोनदा तपासायला आणि ज्याच्यावर आरोप केला त्याचीही बाजू विचारायला शिकतात. मतं मांडायला धाडस लागतं. बातमी द्यायला धाडसाबरोबर मेहनतही लागते.

वर्सोव्यात तरुणांची दोन जगं हाकेच्या अंतरावर आहेत. एकीकडे कोळीवाड्यातली मुलं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत घराचं गणित कसं बसतं, हे त्यांना ठाऊक आहे. दुसरीकडे आरामनगरात ऑडिशनसाठी रांगा लावणारी, देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलं. एका खोलीत चार-पाच जण राहतात. दलालाला डिपॉझिट देताना आणि कामाच्या नावाखाली पैसे मागणारा भेटल्यावर त्यांना सल्ला द्यायला कोणी नसतं. या दोघांची गाठ पडते ती फार तर चहाच्या टपरीवर. एका पत्राची चार पानं त्यांनी मिळून भरली, तर हे दोन वर्सोवे एकमेकांना वाचतील.

लिहिता येत नाही, ही अडचण मुळीच नाही. दिल्लीत २००३ पासून रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुलं 'बालकनामा' नावाचं वर्तमानपत्र चालवतात. ज्यांना लिहिता येत नाही ती बातमी सांगतात, बाकीची उतरवून घेतात. आमच्याकडे मासळी सुकवणाऱ्या बायकांना किनाऱ्याचं जेवढं कळतं, तेवढं एकाही अहवालात सापडणार नाही. वरळीच्या मच्छीमारांनी सागरी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घेतलं, ते याच प्रकारच्या ज्ञानाच्या जोरावर. वर्सोव्यासमोरही सागरी सेतू उभा राहतो आहे. इथलं ज्ञान लेखी कुठे आहे?

म्हणून तीन मागण्या. कॉलेजांनी या मुलांना बसायला खोली द्यावी, पण मजकूर तपासायचा हट्ट धरू नये. बाजारातल्या दुकानदारांनी छोट्या जाहिराती द्याव्यात आणि त्या बदल्यात कौतुकाची अपेक्षा ठेवू नये. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांची बातमी उचलली, तर त्यांच्या नावासकट छापावी. मुलांना माझं सांगणं एवढंच की परवानगीची वाट पाहू नका. नारळी पौर्णिमेला सगळं वेसावं बंदरावर लोटतं. पहिला अंक त्या दिवशी वाटा, आणि त्यात पहिली बातमी खाडीतल्या गाळाची असू द्या.