गळाचा मासा ज्याचा त्यानं धरावा

उजनीच्या पाणफुगवट्याला हल्ली रविवारी गाड्या लागतात. गाडीतून काठ्या निघतात, खुर्च्या निघतात, आणि हवा भरलेल्या पिशवीतून विकत आणलेली बोटुकली निघतात. मरळ धरायची तर गळाला जिवंत मासा लावावा, हे मलाही मान्य. पण तो विकतचा? कुठल्या तळ्यातला, कुठल्या हौदातला, विचारलं तर आणणाऱ्यालाच ठाऊक नसतं. दिवस मावळला की उरलेली दहा-पंधरा बोटुकली पाण्यात ओतायची, वर मला सांगायचं, "काका, जीव सोडले, पुण्य लागेल."

कसलं पुण्य? असं सोडलेलं काय काय पाण्यात वाढतंय, ते जाळं ओढणाऱ्याला विचारा. चिलापी १९५२ साली बाहेरून देशात आली, आज उजनीचं जाळं तिनंच भरतं. थाई मांगूरवर सरकारनं २००० साली बंदी घातली, तरी चोरून पाळणारे पाळतातच. काचेच्या पेटीतला तो काटेरी सकर जाळ्यात गुंतला की जाळं फाडून काढावा लागतो. तोही कुणीतरी दया येऊनच सोडला असणार!

आमची रीत फुकटाची होती, म्हणून तिला हसू नये. धरण व्हायच्या आधी भीमेच्या डोहावर थोरली माणसं हेच करायची. जर्मनचं पातेलं घ्यायचं, आतून ज्वारीच्या पिठाचा लगदा फासायचा, तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधायचं आणि मधोमध अंगठा जाईल एवढं भोक पाडायचं. गुडघाभर पाण्यात, धार मंद होते तिथं, दगडांचा आधार देऊन पातेलं ठेवायचं अन् गप बसायचं. अर्ध्या तासात आत बोटाएवढे चंदेरी मासे वळवळायला लागतात. पाच-सहा बादलीत घ्यायचे, बाकीचे तिथंच, त्यांच्याच पाण्यात. बादली सावलीत ठेवायची, पाणी बदलत राहायचं. गळ पाठीच्या कातडीतून वरच्यावर ओवायचा. पोटातून ओवला की मासा मेलाच, आणि न हलणाऱ्या माशाकडं मरळ सहसा फिरकत नाही.

गावातल्या पोरांनाही मी सोडत नाही. मच्छरदाणी लावून ओढ्याचं तोंड अडवतात आणि दोन मरळींसाठी घमेलंभर पिल्लं काठावर वाळवतात. त्यात मरळीची लालसर पिल्लंही येतात. त्या थव्याखाली आई-बाप राखण करत फिरत असतात, हे या पोरांना चांगलं माहीत आहे. माहीत असून मच्छरदाणी लावतात, म्हणून राग जास्त.

शहरातले म्हणतात, वेळ नसतो. दिवसभर पाण्याकडं बघत बसायला वेळ आहे, आणि पातेलं लावायला अर्धा तास नाही? पातेलं माझ्या वस्तीवर आहे, मागितलं तर देतो. पीठ तेवढं घरून आणा.