सातारा कोणता, सांगली कोणती?

दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात शिकाऊ वैमानिक म्हणून दाखल झालेल्या तरुणाची सेवानोंद शोधताना आपले अभ्यासक ‘सांगली जिल्हा’ धुंडाळतात आणि ‘नोंद नाही’ असे सांगून मोकळे होतात. आम्हांस हा आळस वाटतो. त्या काळी असा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली झाला, त्याचे नाव सांगली झाले ते १९६० साली. नाव गावाच्या व तालुक्याच्या आधारे शोधावे लागते.

आळसामागे संकोचही आहे. प्रतिसरकारच्या मुलखातील पोरगा इंग्रजांच्या गणवेशात! क्रांतिकथेत त्याला जागा नाही. वैमानिकाचे पंख मिळण्याआधीच सरावात विमान कोसळून गेला असेल, तर वीरगाथेतही नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग मात्र सेवेत असताना मरण पावलेल्यांची नावे हुद्द्याचा भेद न करता जपतो.

वर्गात आपण पाठभेद शिकवतो. मग सरकारी कागदावरील ‘सातारा’ या एका शब्दाचा अर्थ लावण्याचे कष्ट का टाळावे? त्या मुलाकडे देशभक्तीचा दाखला न मागता त्याची नोंद वाचावी, एवढेच आमचे म्हणणे.