एक आजारी मुलगी, तीन कॉलेजं आणि हजेरीपट



"एवढी आजारी असतेस तर घरी बस ना, कॉलेज कशाला करतेस?" हे वाक्य विदर्भातल्या एका विद्यार्थिनीला ऐकावे लागले. मुलगी आपल्याच वस्तीतली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. तिला सिकलसेल आहे. तिच्या कॉलेजात सगळे विषय नाहीत. एका विषयासाठी शेजारच्या कॉलेजात, कौशल्याच्या कोर्ससाठी तिसरीकडे, अशी तिची एसटीने धावपळ चालते. मध्येच दुखणे उसळले आणि आठ दिवस दवाखान्यात गेले. तिच्या कॉलेजाने रजा मान्य केली. दुसरे म्हणाले, "तो कागद तिकडचा, आमच्याकडे चालत नाही." तिथले अंतर्गत गुण गेले.

आम्ही विचारतो, हा दोष तिच्या रक्ताचा की व्यवस्थेचा?

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि रक्तवाहिन्या अडवतात. पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, अंग फार थकले की असह्य वेदना सुरू होतात. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते, कॉलेजांचे समूह करा, क्रेडिट वेगवेगळ्या ठिकाणी मिळवा. क्रेडिट संगणकावर जमा होतात, पण शरीराला एसटी स्टँडवर उन्हात उभे राहावे लागते. तीन कॉलेजांचे गुण एकत्र मोजता येतात, मग दवाखान्याचा एक कागद तिन्हीकडे का चालू नये?

आम्ही दया मागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारची अपंगत्वे आहेत, त्यांत सिकलसेल आहे. गरजेनुसार सोयी देणे आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करणे हे त्याच कायद्यात आहे. "40 टक्के अपंगत्व दाखव" म्हणून मुलांना परत पाठवले जाते. ती अट राखीव जागांसाठी आहे. तिच्या नावाखाली लेखनिक नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात स्पष्ट केले.

आता थोडे आपल्या घरातले. जयंतीला आपण सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. चांगलेच आहे. पण ज्याला एवढे बसवत नाही, त्याच्याकडे आपण कसे पाहतो? बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, पायांच्या वेदना होत्या. शेवटच्या वर्षांत औषधोपचार सांभाळूनच त्यांनी लिखाण केले. त्यांचे हे आजारपण आपण मुलांना सांगत नाही. लग्न मोडेल म्हणून घरात सिकलसेल लपवतो. लपवलेल्या आजाराची मागणी कोण करणार?

म्हणून प्रत्येक विद्यार्थी संघटनेने प्राचार्यांना आणि विद्यापीठाला लेखी निवेदन द्यावे. दवाखान्याचा कागद एकदा दिला की समूहातल्या सर्व कॉलेजांत मान्य व्हावा. दवाखान्यातले दिवस 75 टक्के हजेरीच्या हिशेबातून वगळावेत. हुकलेली अंतर्गत परीक्षा पुन्हा घ्यावी. एका दिवशी एकाच कॉलेजात तास ठेवावेत. निवेदनाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

'शिका' हा आदेश धडधाकटांपुरता नव्हता. आजारी भिक्खूला बुद्धांनी स्वतःच्या हाताने धुऊन स्वच्छ केले होते. आपण निदान निवेदनावर सही तरी करू.

जय भीम!