सतरंजीएवढी जागा



गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. डॉक्टरांनी योगासने करायला सांगितली, आणि खरे सांगते, मला रागच आला. समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या मला हा सल्ला फार ओळखीचा आहे. नवरा मारतो अशी तक्रार घेऊन गेलेल्या बाईला "घरी थोडा योगा करा, मन शांत ठेवा" असे सांगून परत पाठवल्याचे मी अनेकदा ऐकले आहे. बाईचे मन शांत झाले की घर शांत, असा हा हिशेब. त्यामुळे योग म्हटले की माझ्या कपाळाला आठी. पण कंबर काही वैचारिक भूमिका ऐकेना.

पहिल्या दिवशी शिक्षिकेने पाव तास नुसते उभे केले. ताडासन. उभे राहायला काय शिकायचे? तर कळले की खांद्यावरच्या पिशवीमुळे माझा सगळा भार वर्षानुवर्षे एकाच पायावर आहे. मग त्या म्हणाल्या, "पोट सैल सोडा, श्वास खालपर्यंत जाऊ द्या." मला ते जमेना. बाराव्या वर्षापासून पोट आत, खांदे पुढे, ओढणी नीट, एवढेच तर शिकले होते. माझे शरीर कसे दिसते हे मला ठाऊक होते, ते कसे आहे हे पस्तिशीत समजू लागले.

हे वस्तीतल्या गटात सांगितले, तर बायका म्हणाल्या आम्हालाही दाखवा. दहा बाय बाराच्या खोलीत हात पसरायचे कुठे, म्हणून बालवाडीची खोली घेतली. वेळ ठरवायला तीन बैठका लागल्या! पोट रिकामे हवे, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तास. सकाळी कामाची घरे, साडेपाचला नळाला पाणी. शेवटी सव्वाचार ते पाच. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकामात बाईची दिवसाला २८९ मिनिटे जातात आणि पुरुषाची ८८, असे आकडे आहेत. आमच्या बैठकांत ते आकडे समोर बसलेले होते.

शिकवायला माझ्याच शिक्षिका येतात. सुरुवात सोपी: ताडासन, मांजरासारखी पाठ वर-खाली करायचे मार्जारासन, भुजंगासन, शेवटी शवासन. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, घरातली सतरंजी. विकतची चटई लागत नाही. ओढून-ताणून काही करायचे नाही, दुखले की थांबायचे. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांचे अंग बाहेर येते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि दूरदर्शनवर बघून कपालभाती सुरू करू नये. अंग बाहेर येते हे आमच्यातल्या दोघींनी इथेच प्रथम तोंडातून काढले. एकीने ते अकरा वर्षे लपवले होते.

पाळीचा प्रश्न निघणारच होता. "त्या चार दिवसांत चालतं का?" सीतादेवी योगेंद्र यांनी १९३४ सालीच खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले होते. गीता अय्यंगार यांचे १९८३ मध्ये आले. गीताबाई पाळीत उलटी आसने टाळून उशी-लोडाच्या आधाराने विसावण्याची आसने सांगत. आमच्या शिक्षिकाही तसेच करवून घेतात. त्या दिवसांत बाई वर्गाला येते, सगळ्यांत बसते, फक्त विसावते. विटाळ म्हणून कोपऱ्यात बसवणे वेगळे, हे मला मुद्दाम समजावून सांगावे लागले नाही.

सगळ्यांत अवघड गेले ते शवासन. "ताई, डोळे मिटले की कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं," एक मावशी म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात खरेच तिचा मुलगा दाराशी आला, "आई, चहा." ती उठायला लागली. बाकीच्या पडल्या पडल्याच ओरडल्या, "पाच वाजता!" तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. चहा त्याने केला की टपरीवर प्यायला, ते कळले नाही.

त्या मारहाणीच्या तक्रारींतली एक बाईही आता वर्गाला येते. तिची केस कोर्टात चालू आहे, तारीख पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी वर्ग बंद राहील, आम्ही सगळ्या तिच्याबरोबर जाणार आहोत.