हंगामाआधीचा एक पराभव

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आणखी एक छोटासा हंगाम असतो. त्याला तिकीट नसतं, त्याच्या बातम्या येत नाहीत, विजयाच्या मिरवणुका निघत नाहीत. पाऊस ओसरला, मैदानातलं पाणी आटलं, की तालमींचे संघ सरावाचे सामने खेळू लागतात. ज्याला फुटबॉल बघायचाय त्यानं हे सामने बघावेत आणि ज्याला फक्त जिंकणं बघायचंय त्यानं लीग सुरू होईपर्यंत घरी बसावं, असं माझं जुनं मत आहे.

आमच्या संघाचा या वर्षीचा असा पहिला सामना मागच्या रविवारी सकाळी झाला आणि तो आम्ही २-१ असा हरलो. संघाचं नाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं तर बाकीच्या पेठा पुढचा मजकूर वाचणार नाहीत. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यात निम्मी शाखा कोल्हापुरातल्या. कर्ज मागायला आलेल्या माणसाची तालीम कुठली हे मी कधी विचारलं नाही आणि माझी कुठली हे कधी सांगितलं नाही. ती सवय अजून टिकून आहे.

बाहेरगावच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. इथल्या फुटबॉल संघांची नावं ऐकली तर पाहुण्याला वाटतं की आपण कुस्तीच्या फडात आलो. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ ही नावं आहेतच, पण बरेचसे संघ तालमींचे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, खासबाग मैदान उभं राहिलं ते कुस्तीसाठी. त्याच लाल मातीशेजारी पुढं चामड्याचा चेंडू आला आणि पेठांनी तो आपलासा केला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधीपासून या गावात फुटबॉलची संघटना आहे. वर्ल्ड कपच्या दिवसांत आमच्या गल्ल्यांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे फलक उभे राहतात, ते उगाच नाही.

तर सामना. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन डाव ठरले होते. मैदान वरून कोरडं दिसत होतं, पण एका बाजूला अजून पाय रुतत होता. बघायला दीड-दोनशे माणसं असतील. आमची सौभाग्यवतीही आली होती. वर्षातून तेवढाच एक सामना ती बघते. लीगच्या सामन्याला ती येत नाही, कारण तिथं पंचाच्या आईचा आणि बहिणीचा जो उद्धार होतो तो तिला बसून ऐकवत नाही. मलाही ऐकवत नाही, पण मी जातो. सरावाच्या सामन्याला कुणी कुणाला शिव्या देत नाही. पलीकडच्या पेठेची पोरं आमच्याच शेजारी बसून शेंगा खात होती. हीच पोरं दोन महिन्यांनी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर समोरासमोर बसली की मध्ये पोलीस उभे करावे लागतात. गुणांचा तक्ता मध्ये आला की माणसाचं काय होतं, यावर एखाद्या समाजशास्त्रज्ञानं कोल्हापुरात येऊन राहावं.

पहिली पंधरा मिनिटं आम्ही बरे खेळलो. तीन-चार महिने चेंडूला पाय न लागल्याचं कळत होतं. पास आला की आधी चेंडू पायापासून दोन हात उडायचा आणि मग त्याच्यामागं धावायचं. दम तर कुणालाच नव्हता. आमच्या कप्तानानं तिशी ओलांडलीय; तो मैदानाच्या मध्यावर उभा राहून हातवाऱ्यांवरच अर्धा सामना खेळला. पण कॉर्नरवर हेडर मारून पहिला गोल त्यानंच केला. शरीर थकतं, उडी कधी मारायची हे मात्र विसरत नाही. पुढं त्यांनी बरोबरी केली आणि उत्तरार्धात आमच्या डाव्या बाजूनं घुसून दुसरा गोल केला.

ही डावी बाजू सांभाळत होता आमच्या गल्लीतला सतरा वर्षांचा एक पोरगा. आयटीआयला जातो. मैदानावर त्याला पहिल्यांदाच सत्तर मिनिटं मिळाली, तीही नाइलाजानं, कारण त्या जागेवर ज्याला आणायचं ठरलंय तो बाहेरचा खेळाडू अजून यायचा होता. दुसरा गोल झाल्याबरोबर माझ्या मागून आवाज आला, "काढा की त्या पोराला!" त्या रात्री तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही तेच. पोरगं कच्चं आहे, डावी बाजू उघडी पडली, हंगामाचं काही खरं नाही.

मी काय पाहिलं ते सांगतो. चेंडू त्याच्याकडं यायच्या आधी तो मान वळवून मागं आणि उजवीकडं बघत होता. प्रत्येक वेळी. ही सवय आमच्या संघातल्या चार-पाच मानधन घेणाऱ्यांनाही नाही. चेंडू मिळाला की तो आभाळात भिरकावून देत नव्हता. जवळच्या माणसाला देऊन स्वतः पुढच्या रिकाम्या जागेत जात होता. उजवा पाय त्याचा कमजोर आहे, हे खरं. उंचीही बेताची. पण तो गोल झाला तेव्हा तो पुढं चढाईला गेला होता आणि अशा वेळी त्याची जागा झाकायला ज्या हाफनं मागं यायचं, तो कंबरेवर हात ठेवून उभा होता. त्या हाफबद्दल ग्रुपवर एक अक्षर नाही. तो नावाजलेला आहे.

सामना संपल्यावर सेक्रेटरी भेटला. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, तालमीसाठी स्वतःच्या खिशाला खार लावणारा. मी म्हटलं, "पोरगं ठेवा."

"काका, खेळतंय की चांगलं. पण लेफ्ट बॅकचं बोलणं झालंय. गुरुवारी यायला लागलाय."

"मग हा?"

"बसंल की बाकावर. शिकंल बघून."

बाकावर बसून फुटबॉल शिकता आला असता तर गॅलरीतले आम्ही सगळे इंडियन सुपर लीगमध्ये असतो. हे त्याला बोललो नाही. तो वाईट माणूस नाही आणि त्याचीही अडचण खरी आहे. चषक येऊन वर्षं झाली. देणगी देणाऱ्याला आपल्या नावाचा फलक विजयाच्या फोटोत हवा असतो. "पोरं घालून हरलो तर पेठेत तोंड कसं दाखवायचं?" असं तो म्हणाला, तेव्हा त्याच्या बोलण्यात नाटक नव्हतं.

बाहेरच्या खेळाडूंवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. परगावचे, परराज्यातले, आफ्रिकेतून आलेले खेळाडू कोल्हापुरात खेळले म्हणून इथला खेळ वेगवान झाला. पूर्वी आमच्याकडं आडदांडपणाला बचाव म्हणत. आमच्याकडं दोन हंगाम खेळलेला एक नायजेरियन तरुण सकाळी साडेसहाला एकटा मैदानाला फेऱ्या मारायचा. त्याला बघून आमची चार पोरं लवकर उठायला लागली. हे कर्ज आहे आमच्यावर. पण अकरा जागांपैकी किती विकत घ्यायच्या याला काही सुमार असावा. तालमीचा जमाखर्च मी मधूनमधून डोळ्याखालून घालतो. मानधन, प्रवास, राहण्या-जेवणाचा खर्च यांचे आकडे दरवर्षी फुगतात आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचे बूट, चेंडू, प्रशिक्षक यांच्यासाठीची रक्कम सगळ्यांत शेवटी, उरली तर. बँकेत अशा ताळेबंदावर मी लाल शेरा मारला असता.

पैशावर उभा राहिलेला फुटबॉल कसा कोसळतो हे बघायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. भारत एफसी एक हंगाम खेळून संपला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आटोपले, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. मालकाचं गणित बदललं, की संघ एका सहीनं जातो. २०२५ च्या जुलैमध्ये तर अख्खी इंडियन सुपर लीगच लटकली, कारण फुटबॉल महासंघानं २०१० साली केलेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार संपत आला होता आणि पुढं काय याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. त्या दिवसांत आमच्या तालमीत मात्र गणेशोत्सवाच्या वर्गणीबरोबर फुटबॉलच्या जर्सीचा रंग कुठला यावर भांडणं चालू होती. तालीम बंद पडत नाही, कारण ती कुणाच्या मालकीची नाही. आणि ती पेठेची राहते ती पेठेतली पोरं तिथं असतात म्हणून.

स्पेनमध्ये बिल्बाओ नावाचं शहर आहे. तिथला अ‍ॅथलेटिक क्लब फक्त बास्क प्रदेशातले किंवा तिथं खेळ शिकलेले खेळाडू घेतो. जगभरातून खेळाडू विकत घेणाऱ्या रेआल माद्रिद, बार्सिलोनाशी त्यांना झुंजावं लागतं. तरी स्पेनच्या पहिल्या श्रेणीतून हा संघ आजवर कधी खाली घसरलेला नाही. राष्ट्रीय चषक मात्र त्यांना १९८४ नंतर थेट २०२४ मध्ये मिळाला. चाळीस वर्षं! आमच्या ग्रुपवरची मंडळी चाळीस मिनिटं थांबत नाहीत. पण बिल्बाओचं नुसतं प्रेम सांगून भागणार नाही. १९७१ पासून त्यांचं लेझामा इथं स्वतःचं प्रशिक्षण केंद्र आहे. मुलांना लहानपणापासून शिकवायचं आणि मग जागा द्यायची, असा तो क्रम आहे. न शिकवता नुसती जागा दिली तर सेक्रेटरीची भीती खरी ठरेल, पोरं मार खातील. आपल्याकडं कोलकात्याच्या लीगमध्येही अलीकडं मैदानावरच्या अकरांत बंगालच्या खेळाडूंसाठी जागा राखण्याचा नियम आला आहे. तिथल्या मोठ्या क्लबांचे वाद त्यावरून रंगतात, पण निदान तिथं तो प्रश्न नियमात मांडला गेला.

आणि आपली माती नापीक आहे असं तर मुळीच नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, तेव्हा दिल्लीत भारताच्या पुढच्या फळीत अनिकेत जाधव खेळला, तो कोल्हापूरचा. पुढं २०२१-२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या हैदराबादच्या संघातही तो होता. त्या वर्ल्ड कपच्या वेळी इथल्या पेठापेठांतून त्याचे फलक लागले. फलक आपण झटपट लावतो. पण त्याचं घडणं झालं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, सरकारी वसतिगृहात. कोल्हापूरच्या मुलाला घडायला कोल्हापूर सोडावं लागलं, याचा त्या फलकांवर उल्लेख नव्हता.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. बाहेरचे घ्या, परदेशातले घ्या. पण लीगच्या प्रत्येक सामन्यात एकोणीस वर्षांखालची दोन तरी आपली पोरं पहिल्या मिनिटापासून मैदानात असू देत. सामना हातचा गेल्यावर शेवटची पाच मिनिटं त्यांना सोडणं म्हणजे खेळवणं नव्हे. आणि देणगीदारानं दिलेल्या रकमेतला ठरावीक हिस्सा मुलांच्या प्रशिक्षणासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा, मानधनासाठी त्याला हात लावता येणार नाही अशी अट घालून. असं खातं उघडायला अर्धा तास लागतो. कागदपत्रं मी स्वतः भरून देतो, असं सेक्रेटरीला सांगितलंय. चषक दोन वर्षं उशिरा आला तर पेठेत तोंड दाखवायला मी त्याच्याबरोबर फिरेन, हेही.

पुढच्या रविवारी सरावाचा दुसरा सामना आहे. नवा लेफ्ट बॅक तोपर्यंत आलेला असेल. पहिला डाव एकाला आणि दुसरा डाव दुसऱ्याला द्या, मग तुम्हीच ठरवा, एवढं मी सुचवलंय. प्रशिक्षक "बघू" म्हणाले. सेक्रेटरीनं अजून काही उत्तर दिलेलं नाही. पोरगा मात्र काल संध्याकाळी पिठाच्या गिरणीमागच्या बोळात उजव्या पायानं भिंतीवर चेंडू मारत होता, आणि गिरणीवाला त्याच्यावर ओरडत होता.